तांबट गल्लीतल्या सात गोष्टी

इंदूला ऐकू येत नाही हे आमच्या घरात सगळ्यात शेवटी आईनं मान्य केलं. आबांना ते फार आधी कळलं होतं. आबा धुळ्यातल्या कापसाच्या एका जिनात फिटर होते आणि जिनाच्या भिंतीला लागूनच कामगारांच्या खोल्यांची रांग होती, त्यातली तिसरी खोली आमची. सकाळी भोंगा झाला की रांगेतली तान्ही पोरं एकदम दचकून रडायला लागायची. आमची इंदू तेवढी अंगठा चोखत शांत निजलेली असायची. शेजारणी म्हणायच्या, "किती गुणाची पोर बाई!" आणि आई सुखावायची. एके दिवशी आबा कामावरून येताना एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आले. इंदूच्या उशाशी बसून त्यांनी त्यावर पान्यानं एवढ्या जोरात ठोकलं की दाराशी उभ्या असलेल्या माझे कान दुखले. इंदू आबांच्या मिशांकडे बघून हसली. आबांनी पाना खाली ठेवला, डबा खाटेखाली सरकवला आणि हातपाय धुवायला निघून गेले.  त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलायचं झालं की तिच्यासमोर गुडघे टेकून बसायचे.

आईनं मात्र तीन वर्षं नवसासायासांत घालवली. कोणी सांगितलं म्हणून कोमट तेल कानात घातलं, कोणी सांगितलं म्हणून पोपटाचा उष्टा पेरू आणून खाऊ घातला. ती सोनगीरची. एरवी आमच्यासारखं शहरातलं बोलायची, पण रागावली किंवा रडू आलं की माहेरच्या बोलीत शिरायची. "मनी पोर बोलई, तुम्ही दखज्यात," असं ती शेजारणींना बजावायची. माझी पोर बोलेल, तुम्ही बघालच. मग एका दुपारी इंदू ओट्याखाली मातीत खेळत होती आणि मागून सरकीनं भरलेली बैलगाडी वळत आली. गाडीवान ओरडत होता, आई ओरडत होती, इंदूनं मान वर केली नाही. बैलांनीच पाय आवरले. आईनं इंदूला उचलून आत आणलं, कळण्याची भाकरी तव्यावर जळत होती ती तशीच जळू दिली, आणि तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. त्यानंतर तिनं कुठला नवस बोलला नाही.

आमचं घर म्हणजे आवाजाच्या पोटातलं घर होतं. दिवाळी झाली की हंगाम सुरू व्हायचा आणि मग उन्हाळा लागेपर्यंत यंत्रांची घरघर थांबायची नाही. भिंती थरथरायच्या, फडताळातल्या पितळ्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, कापसाचे तंतू हवेत तरंगत येऊन वरणावर बसायचे, आई ते बोटानं काढून टाकायची. आम्ही घरात सगळे ओरडूनच बोलायचो. इंदू भिंतीला तळहात लावून उभी राहायची. भिंत थरथरते म्हणजे आबा कामावर, भिंत थांबली म्हणजे आबा येणार, हे तिला माझ्याआधी कळायचं. ती चूल पेटायच्या वेळी भिंतीशी जायची, थोड्या वेळानं वळायची आणि ओठांवरून दोन बोटं फिरवायची. ही आबांची खूण, मिशांची. आईची खूण कपाळावरचं कुंकू. मी लहानपणी पायरीवर आपटले होते, त्याची माझ्या हनुवटीवर खोक होती, म्हणून मी म्हणजे हनुवटीवर बोट. भाकरी, पाणी, झोप, कुत्रा, दुखतं, नको, अशा तीसचाळीस खुणा आमच्यात आपोआप तयार झाल्या होत्या. त्या कोणी बनवल्या ते सांगता येणार नाही. बहुतेक तिनंच.

दिवेलागणीला रांगेतली सगळी पोरं गोदामावशीच्या ओट्यावर जमायची. गोदामावशी विधवा होती, जिनात रुई वेचायला जायची, आणि दिवसभर धुळीत खोकून खोकून बसलेल्या आवाजात ती आम्हांला गोष्टी सांगायची. चोरांच्या, राक्षसांच्या, सासूला फसवणाऱ्या सुनेच्या. इंदू माझ्या मांडीला टेकून बसायची. ती गोदामावशीचं तोंड बघायची, मग आमची तोंडं बघायची. आम्ही हसलो की एक क्षण थांबून ती हसायची. आम्ही घाबरून एकमेकांना बिलगलो की तीही मला बिलगायची. सगळ्यांना वाटायचं, तिला गंमत येते. मलाही तसंच वाटायचं. एकदा मात्र गोष्ट संपून पोरं पांगत असताना तिनं माझा पदर, म्हणजे परकराचं टोक, धरलं, आणि गोदामावशीच्या तोंडाकडे बोट दाखवून दोन्ही तळवे उघडे केले. काय होतं ते? सगळे का हसले?  राक्षस कसा दाखवायचा ते मला सुचलं, दात दाखवले, नखं दाखवली. पण राक्षस फसला कसा, हे कसं दाखवायचं? "मग", "इतक्यात", "फार वर्षांपूर्वी", हे शब्द हातांनी कसे सांगायचे? इंदू माझ्या नखांकडे बघून पुन्हा हसली. माझं मन राखायला हसली, हे त्या वयातही मला कळलं.

त्यानंतर मी चित्रं गोळा करायला लागले. मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. मला वाटलं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना चित्रांतून गोष्ट कळत असणार. पण चित्रं होती कुठे? शाळेच्या पुस्तकात पानागणिक एखादं काळंपांढरं चित्र, तेही शाईनं भरलेलं. मी काड्यापेट्यांवरची चित्रं सोलून काढायची. कापडाच्या ठाणांवर गिरण्या रंगीत चित्रं चिकटवून पाठवायच्या, हत्ती, झोपाळ्यावरच्या बायका, रथ. आग्रा रोडवरच्या एका कापड दुकानदाराला आबांनी सांगून ठेवलं होतं, तो ती माझ्यासाठी बाजूला काढायचा. जुन्या कॅलेंडरांवरचे देव कापून घेतले. मैद्याच्या खळीनं हे सगळं एका वहीत डकवलं आणि एका रविवारी इंदूला मांडीशी घेऊन बसले. तिला वही इतकी आवडली की ती जेवायला उठेना. सिंहाच्या चित्रावर तिनं बोट ठेवलं, मी सिंह करून दाखवला. मग तिनं पान उलटलं आणि मागची कोरी बाजू बघितली. पुन्हा उलटलं, पुन्हा मागे बघितलं. सिंहानं पुढं काय केलं ते ती शोधत होती. पानामागे खळीचा डाग होता, बाकी काही नव्हतं.

मी पोस्टमनला विचारलं, शाळेतल्या बाईंना विचारलं, वाचनालयातल्या गृहस्थांना विचारलं, की मुक्याबहिऱ्या लहान मुलांना हातांनी सांगायच्या गोष्टींचं पुस्तक कुठे मिळतं. वाचनालयातल्या गृहस्थांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "बाळ, ज्याला ऐकू येत नाही त्याला गोष्ट कशाला लागते?" असं ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

त्या उन्हाळ्यात आम्ही सोनगीरला मामाकडे गेलो. सोनगीरला तेव्हा तांबट गल्ली भरात होती. तांब्यापितळेच्या कळश्या, घागरी, हंडे घडवणारी घरं समोरासमोर, आणि प्रत्येक ओट्यावर दोनतीन माणसं हातोड्यांनी पत्रा ठोकत बसलेली. धुळ्याच्या जिनाचा आवाज मला सवयीचा होता, पण त्या गल्लीत शिरल्यावर मी कान झाकून घेतले. इंदू माझा हात सोडून पुढं गेली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिली. तिला काय दिसलं ते मला क्षणभरानं दिसलं. त्या गल्लीत कोणी तोंडानं बोलत नव्हतं. बोलून उपयोगच नव्हता. या ओट्यावरचा माणूस त्या ओट्यावरच्याला हातांनी सांगत होता, कथील संपलं, पोराला पाठव. बाई दारातून तोंडाशी पाच बोटं नेऊन विचारत होती, आणि नवरा तळहात आडवा हलवून सांगत होता, थांब, एवढा काठ वळवून येतो. दोघं जण तर भांडत होते, हातांनी, भुवया ताणून, आणि तिसरा हसत होता. इंदूनं माझ्याकडे वळून बघितलं. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. आपल्यासारखीच माणसं असलेलं गाव आहे आणि मला कोणी सांगितलं कसं नाही, असा तो चेहरा होता.

गल्लीच्या टोकाला दगडूबाबा बसायचे. साठी उलटलेली, अंग काळं आणि सुकलेलं, उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड. जन्मभर हंडे ठोकून त्यांचे कान जवळजवळ गेले होते, म्हणून ते बोलायचे मोठ्यानं आणि बोलायचे कमी. इंदू त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हाई पोर कोनी शे?" मी मामाचं नाव सांगितलं, त्यांना ऐकू आलं नाही, मग इंदूच्या कानांवर बोट ठेवून मान हलवली. "हात्तिच्या," बाबा म्हणाले, "माले बी येत नही. बस आठे," आणि ओट्यावर शेजारची जागा थोपटली.

त्यांनी हातोडा बाजूला ठेवला आणि तिला एक गोष्ट सांगितली. एका तांबटाची. त्या तांबटाला गावातला सगळ्यात मोठा हंडा घडवायचा असतो. हंडा इतका मोठा की तो आत बसून आतून ठोकतो. बाबांनी दोन्ही हातांनी भोवती भिंत उभी केली, आत ते स्वतः वाकून बसले, ठोकू लागले, घाम पुसू लागले, आणि काठ वळवता वळवता डोक्यावर हात जुळवून टाकले. तोंड बंद! तांबट आत! मग बाबा जरासे उजवीकडे वळले, डोक्यावर पदर घेतला, आणि त्यांची बायको झाले. ती नवऱ्याला शोधते. पुन्हा डावीकडे वळून ते आतला तांबट झाले, आतून ठोठावणारा. बायको हंड्याभोवती फिरते, एवढा सुंदर हंडा करून मेला गेला कुठे, म्हणून कपाळाला हात लावते, आणि तोवर पाणी तरी तापवू म्हणून खाली जाळ घालते. आतला तांबट एक पाय उचलतो. मग दुसरा. मग नाचायला लागतो. शेवटी तो हातोडीनं वर एक भोक पाडतो, दोन बाजूंना दोन पाडतो, आणि डोकं नि हात बाहेर काढून हंडा सदऱ्यासारखा अंगात घालून बाजारात पळतो. दुसऱ्या दिवशी सगळं गाव तांबटाकडे येतं. आम्हांलाही असाच सदरा शिवून दे!

तांबट पहिला पाय उचलतो तिथेच इंदू हसली. सगळ्यांच्या आधी हसली. मी अजून हसले नव्हते, कारण मी गोष्ट बघायची सोडून बाबांचे खांदे बघत होते. "मग" हा शब्द त्यांनी खांद्यानं सांगितला होता. इकडे वळलं की हा, तिकडे वळलं की ती. बस्स, एवढंच. माझी सगळी वही ज्याच्यावाचून अडली होती ते एवढंच होतं. धुळ्याला परतल्यावर इंदू चार दिवस आमच्या अंघोळीच्या पाण्याच्या हंड्यात वाकून बघत होती आणि त्याच्यावर टकटक करत होती. न दिसणारं काही असू शकतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं.

दोन वर्षांत, प्रत्येक सुट्टीत, मी दगडूबाबांकडून सात गोष्टी घेतल्या. त्यांना माझं नवल वाटायचं. मी समोर पाटी घेऊन बसायची, हाताची खूण काढायची, खांदा कुठं वळतो तिथं बाण काढायची, आणि घरी आल्यावर ते वहीत उतरवायची. आई सोबत ज्वारीच्या बिबड्यांचा डबा द्यायची. बाबा बिबडी कडाकडा चावत मला सांगायचे, "आशे नही, हात ढिला सोड. दगड फोडाना शे का?" इंदू माझ्यापेक्षा फार लवकर शिकायची आणि त्यात स्वतःचं घालायची. आमच्या रांगेतल्या ओट्यावर आता गोदामावशीची गोष्ट संपली की इंदूची सुरू व्हायची. पोरं तिला घेरून बसायची. गोदामावशी स्वतः भिंतीला टेकून बघत बसायची आणि म्हणायची, "मी खोकून मरते, ही बया न खोकता सांगते." आई दारात उभी राहून बघायची. त्या दिवसांत ती गोड काहीतरी करायची. खापरावर मांडे घालायला घेतले की पहिला मांडा इंदूचा.

इंदू आठ वर्षांची झाली तेव्हा जिनाच्या मॅनेजरसाहेबांनी आबांना बोलावून सांगितलं की एका मोठ्या शहरात मुक्याबहिऱ्यांची शाळा आहे, तिथं अशा मुलांना बोलायला शिकवतात. आबा घरी आले ते हातपाय न धुताच बसले. "बोलायला," ते दोनतीनदा म्हणाले. मी आबांना त्याआधी आणि त्यानंतर कधी इतकं आशेनं भरलेलं बघितलं नाही. आम्ही तिघं चाळीसगावला गाडी बदलून गेलो. मी हट्टानं गेले, कारण माझ्याकडे वही होती. इंदू सगळी वाट डब्याच्या लाकडी भिंतीला तळहात लावून बसली होती. आबा कामावर आहेत की समोर बसलेत, याचा तिला मेळ लागत नव्हता.

शाळेच्या बाई पांढऱ्या पातळातल्या, शांत, स्वच्छ बोटांच्या होत्या. त्यांनी इंदूची हनुवटी उचलली, घशावर तिचाच हात ठेवून तिच्याकडून आवाज काढवला, आणि आबांना म्हणाल्या, "आवाज चांगला आहे. ही बोलेल." आबांनी हात जोडले. मग मी वही पुढं केली. मला वाटत होतं, बाईंना आनंद होईल. त्यांना इतकी मुलं शिकवायची असतात आणि अशा गोष्टी कुठेच मिळत नाहीत, हे मला माहीत होतं. बाईंनी वही सगळी बघितली. एकदोन ठिकाणी त्या हसल्यासुद्धा. मग त्यांनी ती मिटली.

"तू केलीस?" त्यांनी विचारलं.

"हो. सात गोष्टी आहेत. इंदूला सगळ्या येतात."

"मेहनत खूप घेतलीस. पण बेटा, हेच तिच्या तोंडाला लागलेलं कुलूप आहे. हातानं भागतंय तोवर मूल तोंड कशाला उघडेल? आमच्या इथं हातवारे करायचे नाहीत, हा पहिला नियम. आणि घरीसुद्धा नाहीत." त्या आबांकडे वळल्या. "सुट्टीत घरी येईल तेव्हा कोणीही खुणेनं बोलायचं नाही. एका महिन्यात आमचं वर्षाचं काम वाया जातं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं बहिणीवर प्रेम आहे ना? मग हे थांबव."

निघताना इंदू वसतिगृहाच्या कठड्याशी उभी होती. तिनं हनुवटीवर बोट ठेवलं, दाराकडे बोट केलं, तळवे उघडले. तू कधी येशील? दहा महिने कसे दाखवायचे ते मला येत नव्हतं. मी गालाखाली हात ठेवून झोपेची खूण केली, मग उठल्याची, मग माझी. झोप, ऊठ, मी येईन. ती समजली आणि हसत आत गेली. ते खोटं मी किती वर्षं घेऊन फिरले आहे ते मलाच माहीत.

घरी आल्यावर आबांनी आईला नियम सांगितला.  आई म्हणाली, "देवनी मनी पोरना कान बंद करात. आते तुम्ही तिना हातबी बंद करतस का?" आबांचा आवाज चढला. त्यांना तिच्यावर ओरडताना मी प्रथमच ऐकलं. "तिला जन्मभर पोरखेळ करत ठेवायची का? उद्या आपण मेल्यावर तिनं कोणाशी बोलायचं? तांबटांशी?" आई उठून पीठ मळायला लागली. मला कोणी वही जाळायला सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या नात्यात पुढं अशी समजूत झाली की आबांनी ती जाळली. मी जाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या पाण्याखाली जाळ होता, त्यात एकेक पान घातलं. खळ लावलेली पानं लवकर पेटली. मला रडू आलं नाही. आपण बहिणीसाठी फार मोठा त्याग करतो आहोत, असं वाटत होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

गेल्या वर्षी एका शाळेतली तरुण शिक्षिका माझा पत्ता शोधत आली होती. तिच्या वर्गात चारपाच वर्षांची बहिरी मुलं आहेत आणि तिला त्यांच्यासाठी हातांनी सांगायच्या गोष्टी हव्या होत्या. "आजी, पुस्तकं पुष्कळ आहेत, पण ती सगळी ऐकू येणाऱ्यांनी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली," ती म्हणाली. तिच्या शाळेत आता हात चालतात, नव्हे, हातांनीच शिकवतात. मी तिला हंड्यातला तांबट दाखवला. माझी बोटं आता वाकत नाहीत, तरी तिनं तो मोबाइलमध्ये घेतला. दुसरी एक गोष्ट अर्धी आठवली. बाकीच्या पाचांसाठी मी दोन दिवस तिला थांबवून घेतलं, पण आठवल्या नाहीत. इंदू असती तर तिला आल्या असत्या का, कोण जाणे. तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

शाळेत ठेवल्यावर दहा महिन्यांनी आबा इंदूला सुट्टीसाठी घेऊन आले. टांगा रांगेच्या तोंडाशी थांबला. ती उंच झाली होती, केस कापलेले होते. मला बघताच ती टांग्यातून उडी मारून धावत सुटली आणि धावता धावताच तिचे हात सुरू झाले. किती काय काय सांगत होती! खोली, गाडी, कोणीतरी जाड, कोणीतरी पडलं, हनुवटीवर बोट, म्हणजे मी, आलेच नाही, ती झोपली, उठली, झोपली, उठली, झोपली, उठली, मी आलेच नाही. रांगेतले सगळे बाहेर आले होते. आबा टांग्यातून ट्रंक उतरवत माझ्याकडे बघत होते. मी माझे हात पाठीमागे नेले आणि एकात एक धरून ठेवले.

इंदू थांबली. तिनं माझ्या कडेनं मागे वाकून बघितलं, हाताला काही लागलंय का म्हणून. माझे हात धड होते. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ठरल्याप्रमाणे ओठ मोठे करून सावकाश म्हटलं, "इं-दू. ये." तिचे हात हवेतच होते. ते हळूहळू खाली आले. आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली, तशी ती नीट उभी राहिली, घशाला दोन बोटं लावली आणि म्हणाली, "आ-का." अक्का. गोदामावशीनं तोंडाला पदर लावला. रांगेतल्या बायका रडल्या, आई रडली, आबांनी गूळ वाटला. मीही रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

त्या सुट्टीत तिनं "पाणी" म्हणून दाखवलं, "आई" म्हणून दाखवलं, "आबा" म्हणून दाखवलं. जो येई तो तिला म्हणायला लावी. ओट्यावर पोरांनी तिला हात धरून बसवलं, तर ती हात मांडीखाली घालून बसली. आई आम्हांला चार दिवस सोनगीरला घेऊन गेली. बाजारात ॲल्युमिनिअमची भांडी आल्यापासून तांबट गल्लीतले निम्मे ओटे रिकामे होते, इतकी शांतता की बोललेलं ऐकू येई. दगडूबाबांनी इंदूला बघून हातोडा टाकला, हसले, आणि भोवती हातांची भिंत उभी केली. ती नुसती बघत राहिली. त्यांनी पुन्हा केलं. मग माझ्याकडे वळले.

"काय झायं इना हातले?"

मी मोठ्यानं, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की ती शाळेत बोलायला शिकते, आता हात करायचे नाहीत.

"बोलस का मंग?"

"हो. पाणी म्हणते."

बाबा काही वेळ पत्र्यावरची धूळ पुसत बसले. "पानी तं म्हैसबी मांगस," ते म्हणाले. मग हातोडा उचलून ठोकायला लागले, आणि आम्ही उठेपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी ते गेले. मामाच्या पत्रात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. इंदूला ते मी सांगितलं नाही. कोणत्या खुणेनं सांगायचं, आणि खूण करायची की नाही, हेच मला ठरवता येईना.

इंदू सहा वर्षं त्या शाळेत होती. पन्नासएक शब्द शिकली. ते आम्हांला कळायचे, दुकानदाराला कळायचे नाहीत, दुकानदार हसला की ती घरी येऊन गप्प बसायची. आबा तरीही रोज संध्याकाळी तिला समोर बसवून शब्द म्हणून घ्यायचे. त्यांच्या डोळ्यांतली आशा हळूहळू विझली, पण त्यांनी ते कधी कबूल केलं नाही. मी चाळीसगावला लग्न होऊन गेले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा इंदू शाळा सोडून घरी बसली होती. शिवण शिकत होती. माझ्याशी ती नीट वागायची, सांगितलेलं काम करायची, बाळाला तासन्‌तास सांभाळायची. तिच्याजवळ बसलं की एखाद्या पाहुणीजवळ बसल्यासारखं वाटायचं.

माझी मुलगी चार महिन्यांची होती. एके दुपारी मी मागच्या अंगणात न्हाऊन केस वाळवत होते. आई झोपली होती. आत बाळ रडायचं थांबलं म्हणून मी मागच्या दारातून डोकावले. बाळ गोधडीवर उताणं होतं आणि इंदू त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती, पाठ अर्धवट माझ्याकडे. तिचे हात चालू होते. मी असे हात कधी पाहिले नव्हते. दगडूबाबांचे नव्हते ते, आमच्या जुन्या खुणांचेही नव्हते. झरझर, न अडखळता, बोटांत बोटं गुंतून सुटत होती, खांदे वळत होते, भुवया बोलत होत्या. मला त्यातलं जवळजवळ काहीच कळलं नाही. ओळीनं मांडलेलं काहीतरी होतं, खाटा असाव्यात. उंच कोणीतरी यायचं आणि सगळे हात पटकन पांघरुणात जायचे. ते कोणीतरी गेलं की सगळे हात पुन्हा बाहेर. तेवढंच मला लागलं. सहा वर्षं दिवसा तोंडं उघडायला शिकताना त्या मुलींनी पांघरुणाखाली एकमेकींना एक अख्खी भाषा दिली होती, आणि आम्ही मात्र सुट्टीत तिच्याकडून "पाणी" म्हणवून घेत होतो. बाळ डोळे विस्फारून तिच्या बोटांकडे बघत होतं.

माझी सावली गोधडीवर पडली असावी. इंदूनं मागं बघितलं आणि तिचे हात मांडीत गेले. मी ओले केस तसेच सोडून तिच्यासमोर जाऊन बसले. माझे हात वर केले, इतक्या वर्षांनी. तिच्या हातांकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, तळवे उघडले. मला सांग. मला शिकव. हात लाकडाचे झाले होते, पण खूण बरोबर होती, तिला कळली. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग तिनं घशावर दोन बोटं ठेवली, बाईंनी शिकवल्याप्रमाणे ओठ नीट जुळवले आणि म्हणाली, "काही नाही."

उच्चार अगदी स्पष्ट होता.